धाकटीचा पट्टा

१

बुधवारी सकाळी मधवाल्याला वास आला म्हणून तो आपल्या मधमाश्यांच्या पेट्यांच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे उतरला. काटेरी जाळीत धाकटी मरून पडली होती. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तासभर चालत जाऊन स्वतःच अस्वलांच्या केंद्रावर कळवलं. गप्प बसला असता तर पुढच्या दोन दिवसांत जे ऐकून घ्यावं लागलं ते टळलं असतं, असं गावात अजून म्हणतात.

धाकटी म्हणजे चार वर्षांची अस्वलाची मादी. अंगाने काळी, छातीवर पांढरी चंद्रकोर. कोरीचं उजवं टोक तुटलेलं, त्यामुळे फोटोत ती लगेच ओळखू यायची. त्या जंगलात या जातीची अकरा अस्वलं उरली होती. त्यांत माद्या तीन.

तिच्या मानेभोवती जखमेचं कडं होतं. गळ्यात रेडिओचा पट्टा असायचा, त्याच्या टिकटिकीवरून ती कुठे फिरतेय हे केंद्राला रोज कळायचं. तो पट्टा गायब होता.

दुपारपर्यंत गावभर एकच गोष्ट झाली होती: मधवाल्याने फास लावला.

गोष्ट एवढ्यावर थांबणारी नव्हती. बारा वर्षांपूर्वी गावाने वनखात्याशी करार केला होता. अस्वलांवर नजर गावाने ठेवायची, कॅमेरे गावाने सांभाळायचे, काट्यांवर अडकलेले केस गावाने गोळा करायचे. त्या बदल्यात जंगलाच्या वाटा गावाला खुल्या. करार झाला तेव्हा अस्वलं सहा होती. पण त्यात एक कलम होतं. गावातल्या कोणाच्या हातून अस्वल मेलं, तर करार रद्द, जंगलाला तारेचं कुंपण आणि पहाऱ्याला बाहेरचे शिपाई. कराराची फेरसही शुक्रवारी दुपारी व्हायची होती.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. जनावरांच्या डॉक्टर, साठीला टेकलेल्या, वर्षातून दोनदा शहरातून यायच्या. अस्वलाला भुलीचं इंजेक्शन मारणं, वजन घेणं, पट्टा बसवणं हे काम त्यांचं. जनावरांशी त्या अदबीने बोलत आणि माणसांशी फटकून.

केंद्रामागच्या शेडमध्ये पत्र्याच्या टेबलावर धाकटी ठेवली होती. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, दारात रुमाल नाकाला लावून उभे होते.

"फासच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"घाई तुम्हाला आहे. तिला नाही."

बाईंनी जखम मोजली. दोन बोटं रुंद, सगळीकडे सारखी. फासाची तार दोऱ्यासारखी बारीक कापते आणि जनावर ज्या बाजूला ओढ घेतं त्या बाजूला खोल जाते. इथे तसं काही नव्हतं. कडा जुन्या, कडक झालेल्या, आत पू. ही एका दिवसाची जखम नव्हती, काही आठवड्यांची होती. पोट रिकामं. पित्ताशय जागच्या जागी, नखं वीसच्या वीस. चोरबाजारात अस्वलाचं जे विकलं जातं त्यातल्या कशालाही हात लागलेला नव्हता. मानेच्या मागचे केस मात्र तिरके, एका घावात, वस्तऱ्याने कापावेत तसे कापलेले. अळ्यांच्या आकारावरून मरून चार दिवस झाले होते. म्हणजे रविवार.

शेवटी बाईंनी चिमट्याने जखमेतून काहीतरी बाहेर काढलं आणि पाण्यात धुतलं. नखाएवढा धागा होता. निळा.

मग त्या हात धूत राहिल्या. साबण दोनदा लावला.

"फास नाही हा," त्या म्हणाल्या. "हिला पट्ट्यानेच मारलं."

"कुठल्या पट्ट्याने?"

"आपल्या. वसंतात मी माझ्या हाताने बसवला होता."

२

वाढत्या जनावराच्या गळ्यात कायमचा पट्टा बांधून चालत नाही. जनावर वाढतं, हिवाळ्याआधी त्याच्या अंगावर चरबी चढते. म्हणून पट्ट्यात एका जागी सुती पट्टी शिवलेली असते, वर पातळ कातडं. ऊन-पावसाने सूत कुजतं, पाचसहा महिन्यांत तुटतं, पट्टा आपोआप गळून पडतो. वसंतात बसवलेला पट्टा पावसाळा संपता संपता पडायला हवा होता. तो पडला नाही. धाकटी वाढली, जाड झाली, आणि पट्टा मांसात रुतत गेला.

"सूत होतं तर तुटलं का नाही?" सर म्हणाले.

"सूत असतं तर निळं नसतं."

सरांच्या खोलीत भिंतीवर जंगलाचा नकाशा होता, त्यावर अकरा टाचण्या. सर बाहेरगावचे, इथे येऊन आठ महिने झालेले. त्यांच्याआधी ही खोली ताईची होती. ताई गावातली मुलगी, शिकून परत आलेली, केंद्र तिनेच उभं केलं. गेल्या हिवाळ्यात निमोनियाने आठ दिवसांत गेली. तेहतीस वर्षांची होती. टेबलाच्या कडेला तिने पेन्सिलीने मारलेल्या उंचीच्या खुणा सरांनी पुसल्या नव्हत्या. अस्वलांच्या पिल्लांची उंची ती फोटोवरून मोजून तिथे टिपायची.

"शिवलेला पट्टा किती दिवस इथे होता?"

"आठ दिवस. त्या कपाटात. किल्ली खिळ्याला असते, कोणीही घ्यावी. मी घेतो, टिकटिक ऐकणारा कानसेन घेतो, मधवाला कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या न्यायला येतो."

बाईंनी कपाट उघडलं. फायलीत एक पत्र सापडलं, सरांच्या सहीचं, मार्च महिन्याचं. पट्टे गळून पडल्यामुळे माहितीत खंड पडतो, सुताऐवजी नायलॉनची पट्टी वापरण्यास परवानगी मिळावी, नमुना सोबत जोडला आहे.

सर लाल झाले. "नकार आला. उत्तर खालीच आहे. मी नियम मोडलेला नाही."

"आणि कुंपण झालं तर तुम्हाला वाईट वाटेल?"

"खरं सांगू? नाही वाटणार. गावावर विसंबून राहण्यापेक्षा कुंपण बरं, असं मी पहिल्यापासून म्हणतोय. पण म्हणून मी अस्वल मारीन?"

बाईंनी धाग्याचे दोन तुकडे केले. दारातून एक काडीपेटी पुढे आली. हात कानसेनचा होता.

"ताई हेच करायची," तो म्हणाला. "पट्टा बसवायच्या आधी सुताचं टोक काढायची अन् काडी लावायची. राख झाली की म्हणायची, पास. ती गेल्यापासून कोणी काडी ओढली नाही."

बाईंना ते माहीत होतं. वसंतात पट्ट्याच्या कागदावर दोन सह्या लागतात, शिवणाऱ्याची आणि डॉक्टरची. टाके इतके सुबक होते की कातडं उचलून आत बघायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी सही केली होती.

त्यांनी काडी लावली. धाग्याची राख झाली नाही. तो आक्रसला, वितळला आणि चिमट्याच्या टोकाला एक कडक मणी होऊन राहिला.

नायलॉन. आणि सरांच्या पत्राला टाचलेला नमुना काळा होता.

३

कानसेनचं खरं नाव आता त्याची बायकोही घेत नसावी. तीस वर्षं तारघरात कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेली. निवृत्त झाला तेव्हा ताईने त्याला बोलावून घेतलं आणि डोक्यावर हेडफोन चढवला. रोज सकाळी सात वाजता केंद्राच्या गच्चीवर अँटेना फिरवायची आणि वहीत लिहायचं. कोण, कुठल्या दिशेला, टिकटिक संथ की जलद, आवाज लहान की मोठा.

"संथ म्हणजे जनावर हालतंय," तो बाईंना समजावू लागला. "आठ तास हाललं नाही की टिकटिक दुप्पट होते. मग आम्ही धावतो. एक तर पट्टा गळालेला असतो, नाहीतर जनावर..."

"मला माहीत आहे. रविवारपासूनची पानं दाखव."

वही उघडली. अक्षर छापल्यासारखं.

रविवार: धाकटी, पूर्व, संथ, आवाज लहान. सोमवार: धाकटी, पूर्व, संथ, आवाज मोठा. मंगळवार: धाकटी, पूर्व, संथ, आवाज फार मोठा, धाकटी गावाजवळ आली आहे. बुधवार: तेच. त्यापुढे काही नाही.

"रविवारी किती वाजता ऐकलंस?"

"सातला. सातला म्हणजे सातला."

"त्यानंतर ती मेली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तू मेलेल्या अस्वलाला चालताना ऐकलंस."

कानसेनने हेडफोन टेबलावर ठेवला. काही बोलायच्या आधी त्याने पानावरची ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत.

"बाई, मी खोटं लिहीत नाही. तारघरात एक अक्षर चुकलं तर कोणाच्या घरी रडारड व्हायची. मी ऐकलं. संथच होतं." त्याने नाक पुसलं. "मला आनंद झाला होता. मावशीलाही सांगितलं, म्हटलं, पोरगी तुझ्या दारात आलीय बघ."

"कुठली मावशी?"

"खोगीरवाली. ताईची आई. रोज सकाळी मला चहा आणून देते अन् धाकटीची टिकटिक ऐकून जाते. लेक गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही तिने." तो थांबला. "ह्या सोमवारी नाही आली. मंगळवारीही नाही. मी वाटेत गाठून सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. हातातलं कातडं पडलं तिच्या."

४

मधवाल्याच्या दारावर कोणीतरी कोळशाने अस्वलाचं तोंड काढलं होतं आणि त्याखाली एक शिवी. मधवाला ती घासत होता.

"या बाई. तुम्हीपण एक लिहून जा."

"मला तार दाखवा."

त्याने शेड उघडून दिली. तारेचं भेंडोळं होतं, पण केसाएवढ्या बारीक तारेचं. मधाच्या चौकटीत मेण धरून ठेवायला ती ताणून बसवतात. तिने ससासुद्धा अडकला नसता. हत्यारं म्हणाल तर धुराचा भाता आणि पेटीची झाकणं उचकटायची बोथट पट्टी. एका घावात केस कापील असं काही नव्हतं.

"सगळ्या गावासमोर म्हणाला होतात, हिचा एकदा निकाल लावतो म्हणून."

"म्हटलं होतं. चौदा पेट्या फोडल्या त्या बयेने दोन वर्षांत. शिव्या दिल्या, दगड मारले, सगळं केलं. शिव्या आपल्या माणसालाच देतो बाई आपण. परक्याला कोण देतं?" त्याने हातातलं फडकं पिळलं. "एक गोष्ट सांगू? कोणी विचारलीच नाही म्हणून राहिली."

"सांगा."

"गेल्या आठवड्यात एक पेटी फोडली तिने. मी सकाळी गेलो तर चौकटी बाहेर ओढलेल्या अन् मध तसाच. बोटभर सुद्धा खाल्ला नव्हता. मला वाटलं, मस्ती चढलीय. खायचं नाही तर फोडते कशाला? मी परत दोन शिव्या हासडल्या."

बाई पायरीवर बसल्या. पोट रिकामं होतं, हे त्यांनी सकाळी लिहून ठेवलं होतं.

"तिला गिळता येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मधवाल्याने फडकं घेतलं आणि दारावरची शिवी तशीच ठेवून फक्त अस्वलाचं तोंड पुसून टाकलं.

"त्या ओढ्यावर आणखी कोण जातं?" बाईंनी विचारलं.

"कोण जाणार, माश्या डसतात म्हणून सगळे टाळतात. एक मावशी जाते. कातडी भिजवायला. दर रविवारी."

५

खोगीरवालीचं घर म्हणजे एकच लांब खोली, पुढे कारखाना, मागे चूल. अस्वलांचे पट्टेही इथेच शिवले जायचे. मेणाचा आणि भिजल्या कातड्याचा वास. भिंतीवर सुया, आऱ्या, दाभण मापाप्रमाणे लावलेले. कातडं कापायची अर्धगोल पात्याची रापी चकचकीत. मावशी खाली बसून लगाम शिवत होती. दोन सुया, एकच दोरा, दोन्ही बाजूंनी येणारा टाका. तो एका बाजूने तुटला तरी दुसऱ्या बाजूने धरून राहतो.

"बसा, डॉक्टरीणबाई. चहा टाकते."

"नको. पाच मिनिटं बोलायचंय."

मावशी उठली नाही, पण सुयाही थांबल्या नाहीत. बाई खोलीभर बघत राहिल्या. खुंटीवर ताईची पाठपिशवी होती, जंगलात न्यायची, निळी, रंग उडालेली. वाकडी लटकत होती, एका खांद्यावर पडल्यासारखी. मागच्या दारातून अंगण दिसत होतं. अंगणात मावशीचं म्हातारं खेचर चरत होतं. गाडी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर कोंबड्या बसलेल्या. खेचराच्या गळ्यात मात्र जाड गादीचा जोखडपट्टा होता.

"गाडी कुठे न्यायची आहे का आज?"

"नाही. का?"

"सहज."

सुया चालू राहिल्या. मग मावशीने मान वर न करता विचारलं, "किती दिवस त्रास झाला तिला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "फार नाही," त्या म्हणाल्या.

मावशीने मान हलवली आणि दोरा दातांनी तोडला.

परत केंद्राकडे चालताना बाईंच्या मनात तो प्रश्न घोळत राहिला. दुकानदार, वाटेत भेटलेल्या चार बायका, सगळ्यांनी एकच विचारलं होतं, कोणी मारलं? गावाला फास माहीत होता, फासात जनावर काही मिनिटांत जातं. जखम जुनी आहे हे बाईंनी फक्त सरांना, कानसेनला आणि मधवाल्याला सांगितलं होतं. तरीही एका बाईने विचारलं, किती दिवस.

गच्चीवर कानसेन हेडफोनची वायर गुंडाळत होता.

"आज सकाळी ऐकलंस?" बाईंनी विचारलं.

"कोणाला?"

"धाकटीला."

तो गोंधळला. "बाई, ती तर खाली शेडमध्ये..."

"ती शेडमध्ये आहे. पट्टा नाही. बुधवारी अस्वल सापडलं आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकणंच बंद केलंत." त्यांनी अँटेना उचलून त्याच्या हातात दिली. "गच्चीवर नको. खाली चल."

६

दुपार होती, गल्लीत ऊन होतं. कानसेन हातात अँटेना धरून पुढे, बाई मागे, सर त्यांच्यामागे. दुकानाशी टिकटिक लहान होती. शाळेच्या कुंपणाशी मोठी झाली. संथच. एकेक टिक मोजून घ्यावी अशी. बायका दारात आल्या, मधवाला हातातलं फडकं घेऊन मागे आला. वळणावर कानसेनने हेडफोन कानावरून ओढला, कारण आवाज सोसवेना. आता तो सगळ्यांनाच ऐकू येत होता.

तो मावशीच्या दारात थांबला. "मी नाही जात आत," तो म्हणाला. "मला नका सांगू, बाई."

बाई एकट्या गेल्या. घरातून मागच्या अंगणात गेल्या, खेचराच्या मानेवर हात ठेवून त्याला अदबीने काहीतरी म्हणाल्या आणि जोखडपट्ट्याची गादी चाचपली. आतून कडक, चौकोनी काहीतरी लागलं.

मावशी दारात उभी होती.

"उसवू नका," ती म्हणाली. "मी उसवते. तुम्ही फाडाल."

तिने रापी आणली आणि गादीची शिवण टाका टाका करत उघडली. आतला पट्टा धुतलेला होता. रेडिओची डबी, बाजूचं कातडं, आणि कातड्याखाली निळी पट्टी, दोन बोटं रुंद. एका जागी एका घावात कापलेली.

"पाठपिशवीचा बंद," बाई म्हणाल्या. "म्हणून ती वाकडी लटकते."

मावशी पायरीवर बसली. बोलायला लागली तेव्हा आवाज कामाचा होता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा.

"पोर जाऊन दोन महिने झाले होते. तुम्ही पट्टा शिवायला सांगितलात. धाकटी तिनेच नाव ठेवलेलं. पिल्लू होतं तेव्हा फोटो आणून दाखवला मला. म्हणाली, तुला दुसरी मुलगी हवी होती ना, ही घे, ही तुझी धाकटी. रोज सकाळी तिची टिकटिक ऐकली की मला वाटायचं, कामावर गेलीय, येईल. सूत तुटणार हे मला माहीत होतं. ती सांगायची, आई, हा तुटायलाच हवा. पण मला... मला नको होतं काही तुटायला. तिच्या पिशवीचा बंद घातला. म्हटलं, जंगलात फिरत राहील. दोन भोकं सैल ठेवला होता, डॉक्टरीणबाई. दोन भोकं. मला वाटलं पुरेल."

"रविवारी काय झालं?"

"कातडी भिजवायला गेले. ती ओढ्यात तोंड घालून होती. पाणी पण जात नव्हतं आत. मी जवळ गेले तरी उठली नाही. रापी होती हातात. पट्टा कापला. खूप आत गेला होता. कापल्यावर तिने मोठा श्वास घेतला एक, मला वाटलं वाचली. मग..." तिने हात झटकला, जणू त्यावर पाणी होतं. "जाळीत मीच ओढलं. पट्टा घरी आणला. तो थांबला असता तर तुम्हाला कळलं असतं. आणि मला..."

"खेचर चालत होतं तोवर टिकटिक चालत होती."

"हो."

"मधवाल्याच्या दारावर लिहिलेलं पाहिलंत?"

मावशीने पहिल्यांदा वर पाहिलं. मधवाला दारातच होता.

"उद्या सभेत सांगणार होते," ती म्हणाली. "शप्पथ. आज धीर झाला नाही."

"बाकीचे चार पट्टे?" बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मावशी, आणखी चार अस्वलांच्या गळ्यात तुमचे पट्टे आहेत. त्यांच्यात काय शिवलंय?"

"सूत. सगळ्यांत सूत."

"कशावरून?"



७

शुक्रवारच्या सभेत सर कलम वाचायला उभे राहिले, तेव्हा बाई म्हणाल्या, आधी माझा अहवाल. त्याचं पहिलं वाक्य असं होतं: अस्वल केंद्राच्या पट्ट्यामुळे मेलं, तो पट्टा न तपासता मी मंजूर केला आणि माझ्या हाताने बसवला. दुसऱ्या वाक्यात मावशी होती, तिसऱ्यात नायलॉन, चौथ्यात काडी. त्रास किती दिवस झाला असेल, याच्यापुढे बाईंनी लिहिलं होतं, अंदाजे वीस.

मावशी उभी राहिली. "काल तुम्ही मला खोटं सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"बरं केलंत. अख्खी रात्र मी त्यावर काढली." मग ती गावाकडे वळली आणि सगळं पुन्हा सांगितलं, अंगणात सांगितलं त्याच शब्दांत. "करार माझ्यामुळे मोडू नका. मला काय करायचं ते करा."

वरून आलेले अधिकारी कलमावर बोट ठेवून बसले होते. मधवाला उठला.

"साहेब, माझ्या चौदा पेट्या फोडल्या तिने, दोन दिवस अख्ख्या गावाने मला खुनी म्हटलं, म्हणजे बोलायचा हक्क माझा. ज्या गावातली बाई अस्वलासाठी एवढी वेडी होते, त्या गावाला तुम्ही कुंपणाबाहेर ठेवणार? ठेवा. पण मग शिपायांना शिकवा, कोरीचं कुठलं टोक कोणाचं तुटलंय ते."

सर खाली बघत होते. मग त्यांनी हातातल्या कागदाची घडी केली. "काडी न ओढणं ही केंद्राची चूक आहे," ते म्हणाले. "प्रमुख मी आहे. तेही अहवालात घाला."

अधिकाऱ्यांनी करार रद्द केला नाही, मंजूरही केला नाही. उरलेल्या चार पट्ट्यांत सूत आहे हे सिद्ध होईपर्यंत फेरसही थांबली. ते चारही पट्टे थोराड अस्वलांचे होते, उशिरा बसवलेले, हिवाळ्याच्या तोंडाशी पडायला हवे होते. डॉक्टरीणबाईंनी केंद्राचं काम सोडलं आणि परवाना परत केला. जाताना त्यांनी धाकटीच्या पट्ट्याचा लोहचुंबक मावशीच्या हातात ठेवला. डबीला तो चिकटवला की टिकटिक बंद होते. मावशीने तो संध्याकाळी केंद्राच्या गच्चीवर चिकटवला, कानसेनसमोर. कानसेनने वहीत वेळ लिहिली आणि ओळीखाली रेघ मारली.

पुढचे पाच आठवडे मावशी रोज सातला गच्चीवर गेली. चहा न्यायची, पण हेडफोन मागितला नाही.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी कानसेनचा चेहरा उतरला. मोठ्या नराची टिकटिक जलद झाली होती. उत्तरेला, खडकांकडे. सर, मधवाला आणि कानसेन निघाले. मावशी काही न विचारता मागे चालू लागली, कोणी अडवलं नाही. तीन तास चालणं झालं. शेवटच्या चढावर मधवाल्याने तिचा हात धरला, आणि तो त्याने वरपर्यंत सोडला नाही.

खडकाच्या बुडाशी पट्टा पडला होता. नुसता पट्टा. आजूबाजूला ताजी पावलं होती, वर रानाकडे गेलेली, एकसारखी, न लंगडता. मध्ये थांबून त्याने झाडाला पाठ घासली होती, सालीत काळे केस अडकले होते.

सरांनी पट्टा उचलून मावशीकडे दिला. तिने कातडं उलटं केलं. आतलं सूत करडं, भुसभुशीत, चिमटीत धरताच सुटत होतं. दोन्ही टोकांना तिचेच टाके होते, बारीक, सारख्या अंतराचे. तिने एक धागा ओढून काढला. कानसेनने काडी ओढली. धागा जळला, राख झाली, वाऱ्याने उडून गेली.

मावशी खडकावर बसली. पट्टा मांडीवर घेऊन तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली, गिऱ्हाइकाला माल देण्याआधी शिवण तपासावी तशी.

"बरोबर तुटलाय," ती म्हणाली. "ती म्हणायची तसा."